मदत मिळते, भरपाई मागावी लागते

अलिबागहून पनवेलकडे निघालेल्या गाडीला वडखळच्या आसपास अपघात झाला आणि प्रवासी दगावला, तर त्याच्या घरच्यांनी कुठे जायचे हे कायद्याने ठरवून ठेवले आहे. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज करायचा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ खाली चूक कोणाची हे सिद्ध न करताही मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मागता येतात. चूक सिद्ध करायची तयारी असेल तर कलम १६६ खाली मृताच्या कमाईच्या हिशेबाने याच्या कितीतरी पट रक्कम मिळू शकते. तोच माणूस रोह्याच्या रेल्वेगाडीत अपघाताने गेला असता तर रेल्वे दावा न्यायाधिकरण होते. पण तो रेवसच्या, मांडव्याच्या किंवा घारापुरीच्या लाँचमध्ये गेला, तर त्याच्या वारसांसाठी असे खास न्यायाधिकरण नाही, ठरलेली रक्कम नाही आणि भरायला छापील अर्जही नाही. ज्या किनाऱ्यावर माणसे पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला पाण्यावरून जात आली, तिथल्या प्रवाशाला आजही कुठे एकत्र न लिहिलेल्या, न्यायालयांनी निकालागणिक घडवलेल्या अपकृत्य कायद्याचाच आधार घ्यावा लागतो. त्या कायद्यात निष्काळजीपणा सिद्ध करावा लागतो. तो कसा करायचा, आणि त्यातले खरोखर अवघड काय, हा या लेखाचा विषय आहे.

१८ डिसेंबर २०२४ रोजी दुपारी चारच्या सुमारास गेटवे ऑफ इंडियाहून घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर नौदलाची एक वेगवान बोट येऊन आदळली. नौदलाच्या बोटीच्या इंजिनाची चाचणी सुरू होती आणि तिच्यावरचा ताबा सुटला, असे नौदलाने त्याच दिवशी सांगितले. मृतांची संख्या पुढे १५ वर गेली. त्यात प्रवासी होते, तसेच चाचणी घेणाऱ्या बोटीवरची माणसेही होती. प्रवासी बोटीचा परवाना ८४ प्रवासी आणि ६ खलाशांचा होता, प्रत्यक्षात तिच्यावर शंभराहून अधिक माणसे होती आणि अनेकांच्या अंगावर लाईफ जॅकेट नव्हते, असे वृत्त प्रसिद्ध झाले. मग अशा प्रसंगी जे होते ते झाले. मुख्यमंत्री सहायता निधीतून मृतांच्या वारसांना ५ लाख आणि पंतप्रधानांच्या निधीतून २ लाख जाहीर झाले, कुलाबा पोलिसांनी गुन्हा नोंदवला, नौदलाने चौकशी नेमली.

या तिन्ही गोष्टी आवश्यक होत्या, पण त्यातली एकही भरपाई नव्हे. सहायता निधीतली रक्कम सानुग्रह असते. ती देणारा कोणताही दोष कबूल करत नाही, आणि घेणाऱ्याला ती हक्क म्हणून मागता येत नाही. फौजदारी खटला आरोपीला शिक्षा देण्यासाठी चालतो. तिथे गुन्हा संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो, आणि नुसती चूक पुरत नाही, घोर बेपर्वाई दाखवावी लागते; हे सर्वोच्च न्यायालयाने २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालात वैद्यकीय चुकांच्या निमित्ताने स्पष्ट केले आहे. चौकशी अहवाल पुढच्या अपघातासाठी असतो. ज्या घरातला कमावता गेला त्या घराचे नुकसान किती झाले आणि ते कोणी भरून द्यायचे, हा प्रश्न या तिघांपैकी कोणीच विचारत नाही. तो फक्त दिवाणी दाव्यात विचारला जातो. असे दावे किनाऱ्यावर फारसे होत नाहीत, कारण निष्काळजीपणा सिद्ध करणे सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचे आहे असा समज आहे. हा समज अर्धाच खरा आहे. हयगय झाली एवढे दाखवणे बहुतेक वेळा सोपे असते; ती कागदावरच दिसते. दावे अडतात ते पुढच्या पायरीवर: हीच हयगय आणि हाच मृत्यू यांचा सांधा जुळवताना. पुरावा गोळा करायचा तो या सांध्यासाठी, आणि तिकडेच सगळ्यांचे दुर्लक्ष होते.

वादीला चार गोष्टी दाखवाव्या लागतात. प्रतिवादीवर काळजी घेण्याचे कर्तव्य होते, ते त्याने मोडले, त्या मोडण्यामुळेच हानी झाली, आणि ती हानी पैशात मोजण्याजोगी आहे. पहिल्या पायरीवर आपल्या उदाहरणात फार थांबायला नको. आपल्या कृतीने ज्यांना इजा होऊ शकेल हे शहाण्या माणसाला आधी दिसते, त्यांच्याविषयी काळजी घेणे बंधनकारक आहे, हे तत्त्व इंग्लंडच्या हाऊस ऑफ लॉर्ड्‌सने १९३२ मध्ये ‘डोनोह्यू विरुद्ध स्टीव्हन्सन’ या स्कॉटलंडहून आलेल्या खटल्यात मांडले. जिंजर बिअरच्या बाटलीत निघालेल्या गोगलगायीवरून तो वाद झाला होता. आपल्या न्यायालयांनी ते तत्त्व कधीच आपलेसे केले. तिकिटाचे पैसे घेणाऱ्या लाँचमालकाचे प्रवाशाविषयी कर्तव्य आहे, यावर कोणी वाद घालणार नाही. भर दुपारी, प्रवासी बोटींच्या रोजच्या वाटेवर इंजिन तपासणाऱ्याचेही त्या बोटींतल्या माणसांविषयी कर्तव्य आहे, कारण ती माणसे तिथे असणार हे त्याला ठाऊकच असते.

दुसरी पायरी कर्तव्यभंगाची. इथे लोकांना वाटते की तांडेलाने सुकाणू कसे धरले, कोण कुठे पाहत होते, हे सगळे साक्षीदारांकडून वदवून घ्यावे लागेल. बऱ्याचदा त्याची गरज पडत नाही. परवान्यावर ८४ हा आकडा असेल आणि वाचलेल्यांची, जखमींची व मृतांची यादी शंभरापुढे जात असेल, तर ती वजाबाकी हाच पुरावा. सर्वेक्षणाचा दाखला, त्यावर लिहिलेली लाईफ जॅकेटची संख्या, सारंगाचे प्रमाणपत्र, विम्याची पॉलिसी हे सगळे कागद सागरी मंडळाकडे किंवा मालकाकडे असतात आणि माहिती अधिकारात किंवा न्यायालयामार्फत मागवता येतात. नौदलाच्या बोटीबाबत असे कागद हाती येणे कठीण. संरक्षणाचा विषय म्हणून ते नाकारलेही जातील. तिथे कायदा वादीला दुसऱ्या प्रकारे हात देतो. ‘पुष्पाबाई उदेशी विरुद्ध रणजित जिनिंग’ या १९७७ च्या निकालात मोटार नागपूरहून पांढुर्ण्याकडे जाताना रस्ता सोडून झाडावर आदळली होती. कशी आदळली हे सांगणारा साक्षीदार वादीकडे नव्हता. सर्वोच्च न्यायालय म्हणाले की नीट चालवलेली मोटार सहसा झाडावर जात नाही. इथे घटनाच बोलते आहे, आता खुलासा चालवणाऱ्याच्या बाजूने यायला हवा. उघड्या पाण्यात, दिवसाउजेडी, एक बोट दुसऱ्या बोटीच्या कुशीत शिरली तर हाच न्याय लागू व्हायला हवा. यंत्र बिघडले एवढे सांगून सुटका होत नाही. बिघडण्याची शक्यता पाहण्यासाठीच तर चाचणी असते, आणि म्हणून ती गर्दीपासून दूर घ्यायची की नाही, हा प्रश्न उरतोच.

पुराव्याचे वजन कसे पाहतात, हे दाखवणारा एक निकाल कोकण किनाऱ्यावरूनच निघाला आहे. ६ मे १९५३ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या समुद्रकिनाऱ्यावर वीस वर्षांच्या एका तरुणाच्या मांडीचे हाड मोडले. गावात लाकडी पट्ट्या बांधून त्याला पुण्याला नेले. ९ मे रोजी तिथल्या डॉक्टरांनी उपचार केले आणि त्याच रात्री तो गेला. वडील स्वतः डॉक्टर होते. त्यांचे म्हणणे असे, की भूल न देता, माणसांना धरायला लावून, जोर लावून हाड बसवले आणि त्या धक्क्याने मुलगा गेला. उपचार करणाऱ्यांचे म्हणणे असे, की हाड बसवलेच नव्हते, फक्त पाय स्थिर केला, आणि मृत्यू रक्तात चरबीचा कण अडकल्याने झाला. उपचाराच्या खोलीत काय झाले याची दोन विरोधी कथने न्यायालयापुढे होती. खालच्या न्यायालयाने, उच्च न्यायालयाने आणि शेवटी १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वडिलांचे म्हणणे अधिक संभवनीय मानले. ‘जोशी विरुद्ध गोडबोले’ हा निकाल आजही वैद्यकीय हयगयीच्या प्रत्येक प्रकरणात उद्धृत होतो. आपल्याला त्यातून घ्यायचे ते एवढे: दिवाणी दाव्यात खात्री लागत नाही, कोणाचे म्हणणे अधिक संभवते ते पाहतात. आणि दुसरे म्हणजे, त्या खटल्याचा सगळा भर ‘डॉक्टर चुकले का’ यापेक्षा ‘मृत्यू कशाने झाला’ यावर होता. धक्क्याने की चरबीच्या कणाने, हे ठरले आणि खटला ठरला.

हीच तिसरी पायरी. नीलकमलसारख्या अपघातात तीन हयगयी एकावर एक रचलेल्या दिसतात: टक्कर, जादा प्रवासी आणि अंगावर नसलेली जॅकेट. वर्तमानपत्रासाठी तिन्ही सारख्याच संतापजनक. दाव्यासाठी मात्र प्रत्येक मृत्यूपुरता प्रश्न वेगळा विचारावा लागतो: ही चूक झाली नसती तर हा माणूस वाचला असता का? टकरीचा थेट मार डोक्याला किंवा छातीला बसून जो गेला, तो बोटीवर पन्नासच माणसे असती आणि अंगात जॅकेट असते तरी बहुधा गेलाच असता. त्याच्या वारसांचा दावा टक्कर देणाऱ्याविरुद्ध भक्कम, पण लाँचमालकाविरुद्ध कच्चा. जो अंगावर मोठी जखम नसताना बुडून गेला, त्याच्या बाबतीत जॅकेट नसणे हे मृत्यूचे कारण ठरू शकते. तिथे दोघेही प्रतिवादी होतात. याचा अर्थ असा, की कोणावर दावा लावायचा हे ठरवणारा सर्वांत महत्त्वाचा कागद एफआयआर नव्हे, शवविच्छेदनाचा अहवाल आहे. फुप्फुसांत पाणी होते का, जखमा मृत्यूपूर्वीच्या होत्या का, मृत्यूचे कारण काय लिहिले आहे, या ओळींवर लाखो रुपयांचा हक्क अवलंबून असतो. दुःखात बुडालेले घर तो अहवाल वाचत नाही, आणि वाचणारा वकील पुष्कळदा दोन वर्षांनी भेटतो. वाचलेल्यांचे जबाबही याच दृष्टीने घ्यायला हवेत. ‘बोट खचाखच भरली होती’ हे शंभर जण सांगतील. ‘तो माझ्या बाजूला दहा मिनिटे पोहत होता, मग दिसेनासा झाला’ हे सांगणारा एकच असतो, आणि दाव्याला तो लागतो.

कार्यकारणाची ही अट किती चिवट आहे, हे रायगड किनाऱ्यावरच्याच एका मोठ्या निकालात दिसते. उरणच्या पारंपरिक मच्छीमारांनी बंदराच्या विस्तारासाठी झालेल्या भरावाविरुद्ध राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठाकडे धाव घेतली होती. कांदळवन तोडले गेले, भरती-ओहोटीच्या पाण्याची वाट अडली, खाडीतली मासळी आणि बोटी नेण्याचा मार्ग दोन्ही गेले, अशी त्यांची तक्रार होती. २०१५ मध्ये न्यायाधिकरणाने १,६३० कुटुंबांना प्रत्येकी ५ लाख ८४ हजार, म्हणजे एकूण ९५ कोटी १९ लाख रुपये देण्याचा आदेश जवाहरलाल नेहरू बंदर, सिडको आणि ओएनजीसी यांना दिला. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. हरित न्यायाधिकरणाच्या कायद्यात प्रदूषणकर्त्याने भरपाई देण्याचे तत्त्व आहे आणि अपघाताच्या प्रकरणांत दोष सिद्ध करण्याची अटही काढून टाकली आहे. तिथे हयगयीची दुसरी पायरी गळून पडते. पण तिसरी गळत नाही. भराव झाला म्हणून पाणी अडले, पाणी अडले म्हणून मासळी गेली, आणि मासळी गेली म्हणून याच कुटुंबांचे उत्पन्न गेले, ही साखळी दाखवावीच लागते. ती दाखवता आली म्हणून १,६३० हा नेमका आकडा निघाला. कायद्याने दोषाचे ओझे उतरवले तरी दुव्याचे ओझे वादीच्याच खांद्यावर राहते.

खारेपाटातला शेतकरी या दुव्यावरच हरतो. अलिबाग-पेणच्या खाड्यांलगत भातशेती उभी आहे ती मातीच्या बाहेरकाठ्यांच्या भरवशावर. उधाणाच्या भरतीत काठ्याला खांड गेली की खारे पाणी शेतात शिरते, आणि एका हंगामाचे पीक जाऊन भागत नाही. जमीन पुढची काही वर्षे खारवते. पाणी तसेच येत-जात राहिले तर शेतात कांदळवन उगवते, आणि ते तोडायला मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने बंदी आहे, म्हणजे शेती कागदावरच उरते. इथे पहिल्याच पायरीवर वाद सुरू होतो, कारण बंदिस्ती सरकारी योजनेतली की खासगी, यावर देखभालीचे कर्तव्य कोणाचे ते ठरते. महाराष्ट्र खारभूमी विकास अधिनियम १९७९ चा आहे. योजना त्याखाली सरकारने हाती घेतली असेल तर कर्तव्य दाखवणे सोपे. मग बचाव येतो: उधाण मोठे होते, निसर्गापुढे काय करणार? याला उत्तर भावनेने देता येत नाही. त्या तारखेचे भरतीचे वेळापत्रक काढावे लागते. उधाण वेळापत्रकात आधीच छापलेले असेल, तर ते अकल्पित नव्हते. खांड जाण्याआधी काठा खचल्याची लेखी तक्रार केली असेल आणि तिच्यावर पोचेचा शिक्का असेल, तर प्रतिवादीला धोका ठाऊक होता. गुजरातच्या जय लक्ष्मी सॉल्ट वर्क्सचे प्रकरण असेच आहे. समुद्राकडून जमीन मिळवण्यासाठी राज्याने बांध घातला आणि जुलै १९५६ च्या पावसात तुंबलेले पाणी मिठाच्या कारखान्यात घुसले. सर्वोच्च न्यायालयाने राज्याला जबाबदार धरले. हा निकाल १९९४ चा. मध्ये ३८ वर्षे गेली.

हा काळ पाहिला की पहिला आक्षेप आपोआप येतो: इतक्या वर्षांनी मिळणाऱ्या न्यायापेक्षा हातात पडणारे ७ लाख बरे नव्हेत का? पालशेतच्या खटल्यातही १५ वर्षांनी पदरात पडले ते ३ हजार रुपये. हा आक्षेप हलका नाही. पण मदत आणि दावा यांत एक निवडायचे नसतेच. मदत घेऊनही दावा करता येतो. आणि रकमेतला फरक पाहायला हवा. समजा, गेलेला माणूस ३४ वर्षांचा, छोटा व्यवसाय करणारा, महिना २० हजार कमावणारा आणि तीन माणसे त्याच्यावर अवलंबून. मोटार अपघातांसाठी सर्वोच्च न्यायालयाने २००९ च्या सरला वर्मा आणि २०१७ च्या प्रणय सेठी निकालांत जे गणित घालून दिले, ते लावू. वर्षाचे २ लाख ४० हजार, त्यात भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के मिळवून ३ लाख ३६ हजार, त्याचा स्वतःचा खर्च एक तृतीयांश वजा करून २ लाख २४ हजार, आणि या वयाचा गुणक १६. उत्तर येते ३५ लाख ८४ हजार. हे गणित लाँचच्या अपघाताला बंधनकारक नाही, पण न्यायालयापुढे आधार म्हणून ठेवता येते. सात आणि पस्तीस यांतले अंतर म्हणजे त्या घराने पुढची वर्षे स्वतःच्या खिशातून सोसायचे नुकसान.

दुसरा आक्षेप अधिक कायदेशीर आहे: नौदलावर दावा चालेल का? सार्वभौम कार्यात झालेल्या चुकीसाठी सरकारला खेचता येत नाही, हा बचाव १८६१ पासून चालत आला आहे. योगायोग असा, की त्या वर्षीचा कलकत्त्याचा मूळ खटलाही एका जहाज कंपनीचाच होता. खिदिरपूरच्या सरकारी गोदीतल्या कामगारांच्या हलगर्जीपणाने तिचा घोडा जखमी झाला, आणि न्यायालयाने भरपाई दिली, कारण गोदी चालवणे हे कोणतीही खासगी कंपनी करू शकते असे काम आहे. १९६४ च्या कस्तुरीलाल निकालाने पोलिसांच्या ताब्यातले सोने गेले तरी राज्य जबाबदार नाही असे म्हटले, आणि हा बचाव बळावला. पण लष्करी वाहनांबाबत न्यायालये तो सरसकट मानत नाहीत. मुंबई उच्च न्यायालयाने ‘भारत सरकार विरुद्ध सुग्राबाई’ या प्रकरणात, लष्करी कार्यशाळेतून देवळालीच्या तोफखाना शाळेकडे यंत्र घेऊन जाणारा ट्रक सार्वभौम कार्य करत नव्हता असे ठरवले. लढाईच्या हालचाली वेगळ्या आणि दुरुस्त यंत्राची ने-आण वेगळी. इंजिनाची चाचणी दुसऱ्या प्रकारात मोडते असे माझे मत आहे, आणि त्या चाचणीत उत्पादक कंपनीची माणसे बोटीवर होती, ही गोष्ट त्याला बळ देते. सरकारी वकील अर्थातच उलट म्हणतील. अडचण आहे ती दुसरीकडे. जहाजच अटकवून ठेवण्याचा जो हुकमी उपाय २०१७ च्या सागरी दावे कायद्यात आहे, तो बिगरव्यापारी सरकारी जहाजांना लागू नाही, आणि वेगळी अधिसूचना नसेल तर अंतर्देशीय जलयानांनाही नाही. म्हणून साधा दिवाणी दावाच उरतो, आणि सरकारविरुद्ध तो लावण्यापूर्वी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० खाली दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते.

परवाना देणाऱ्या यंत्रणेला प्रतिवादी करण्याचा मोह अनेकांना होतो, आणि नैतिक दृष्ट्या तो समजण्यासारखा आहे. कायद्याने तो फारसा टिकत नाही. दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात १३ जून १९९७ रोजी ५९ माणसे गेली. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भरपाई थिएटरचालक आणि वीज मंडळ यांच्यात ८५ आणि १५ टक्के अशी वाटली. परवाना देणारे पोलीस आणि महापालिका मात्र सुटले. देखरेखीतली ढिलाई आणि मृत्यू यांच्यात थेट दुवा नाही, असा न्यायालयाचा सूर होता. मला तो निकाल पटत नाही. ज्याच्या सहीशिवाय बोट धक्का सोडू शकत नाही, त्याची ढिलाई मृत्यूपासून दूर आहे असे म्हणणे अवघड आहे. पण वकिलाने आजचा कायदा पाहूनच सल्ला द्यावा, आणि पुन्हा तीच तिसरी पायरी आडवी येते हे ध्यानात घ्यावे.

‘देवाची करणी’ हा बचाव आपल्याकडे फार लवकर मान्य होतो, न्यायालयात नव्हे तर लोकांच्या मनात. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल वाहून गेला आणि दोन एसटी गाड्या नदीत गेल्या, तेव्हा पूर आला होता हे खरेच. पण पूर होता एवढ्याने जबाबदारी संपत नाही. दिल्लीच्या चांदणी चौकातला घड्याळाचा मनोरा कोसळला, त्या १९६६ च्या सुभगवंती निकालात महापालिका म्हणत होती की दोष वरून दिसत नव्हता. न्यायालयाने उत्तर दिले की मनोरा ८० वर्षांचा आणि तसल्या चुन्याच्या बांधकामाचे आयुष्य ४०-४५ वर्षांचे; अशा जुन्या वास्तूच्या मालकाने न दिसणारे दोषही शोधायला हवेत. दावा करणाऱ्याने पुराशी भांडू नये. वास्तूचे वय, शेवटच्या तपासणीची तारीख आणि त्या तपासणीत पाण्याखालचा पाया पाहिला होता का, एवढे विचारावे.

राहिला प्रवाशाचा स्वतःचा दोष. भरलेल्या लाँचमध्ये तो चढलाच का, जॅकेट मागितले का नाही? अंशतः दोष वादीचाही असेल तर भरपाई त्या प्रमाणात कमी होते, हे खरे. पण शेवटच्या फेरीला जेट्टीवर उभ्या असलेल्या माणसाला निवड किती असते, हे न्यायालयाला समजते. आणि परवान्यावरचा आकडा त्याला ठाऊक असण्याचे कारण नाही. लाँचमालकाची चूक मात्र प्रवाशाच्या खात्यावर मांडली जात नाही. दोघांच्या चुकीतून तिसऱ्याची हानी झाली तर तो तिसरा पूर्ण रक्कम कोणाही एकाकडून वसूल करू शकतो, आपसातली वाटणी त्या दोघांनी पाहून घ्यायची, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ च्या खेन्येई निकालात सांगितले आहे. वादीसाठी ही मोठी सोय आहे: दोघांपैकी एक मातब्बर असला तरी पुरे.

लाँचमालकाविरुद्ध आणखी एक जवळची वाट आहे, जिचा विचार फारसा होत नाही. तिकीट काढलेला प्रवासी ग्राहक आहे, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या व्याख्येत सेवेतल्या त्रुटीत हयगय येते. जिल्हा ग्राहक आयोगात दिवाणी दाव्यासारखे मोठे न्यायालयीन शुल्क लागत नाही, वकील सक्तीचा नाही आणि पुराव्याचे नियमही सैल आहेत. नौदलाविरुद्ध ही वाट बंद, कारण त्याच्याकडून प्रवाशाने सेवा घेतलेली नव्हती.

या सगळ्यात मुदत पाळणे वादीच्याच हाती असते. मृत्यूसाठी पती-पत्नी, आई-वडील आणि मुले यांच्या वतीने होणारा दावा १८५५ च्या प्राणांतिक अपघात कायद्याखाली येतो, आणि मुदत कायद्याच्या अनुच्छेद ८२ प्रमाणे तो मृत्यूच्या तारखेपासून दोन वर्षांच्या आत लावावा लागतो. कलम ८० च्या नोटिशीचे दोन महिने या मोजणीत धरत नाहीत. ग्राहक आयोगाची मुदतही दोनच वर्षांची. कायद्याने बजावायच्या कामात झालेल्या चुकीबद्दलचा दावा असेल तर अनुच्छेद ७२ पुढे करून प्रतिवादी एका वर्षाचीच मुदत होती असे म्हणू शकतो, म्हणून सरकारी प्रतिवादी असताना पहिल्या वर्षातच नोटीस गेलेली बरी. फौजदारी खटल्याचा किंवा चौकशी अहवालाचा निकाल लागेपर्यंत थांबण्याने ही मुदत एक दिवसही वाढत नाही. घारापुरीच्या वाटेवर त्या दिवशी गेलेल्यांच्या वारसांसाठी ही दोन वर्षे १८ डिसेंबर २०२६ रोजी पुरी होतात.